दर चौथ्या दिवशी एकच धाव: १६ आठवड्यांच्या एका मॅरेथॉन प्रशिक्षण कार्यक्रमाचे परीक्षण

मॅरेथॉनच्या तयारीसाठी आठवड्यातून पाच-सहा दिवस धावावेच लागते, ही समजूत खोटी ठरवू पाहणाऱ्या एका ऑनलाइन प्रशिक्षण सेवेची वर्गणी मी भरली आणि तिचा १६ आठवड्यांचा कार्यक्रम शेवटच्या दिवसापर्यंत पाळला. सेवेचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही. याच धर्तीचे कार्यक्रम विकणारे अनेक जण आहेत, आणि मला बोलायचे आहे ते कंपनीपेक्षा पद्धतीविषयी. माझी पार्श्वभूमी एवढीच, की मी ४६ वर्षांची आहे, नऊ वर्षे धावते आहे, यापूर्वी तीन मॅरेथॉन पूर्ण केल्या आहेत आणि त्यांतली सर्वोत्तम वेळ ३ तास ५१ मिनिटांची आहे. त्या वेळी मी आठवड्याला पाच दिवसांत मिळून साधारण ५५ किलोमीटर धावत असे, आणि त्यातले बहुतेक अंतर संथ, गप्पा मारता येतील अशा गतीने कापलेले असे.

या कार्यक्रमाचा साचा चार दिवसांचा आहे. पहिल्या दिवशी धाव, दुसऱ्या दिवशी पूर्ण विश्रांती, तिसऱ्या दिवशी ४५ मिनिटे सायकल आणि चौथ्या दिवशी ३० मिनिटे ताकदीचे व्यायाम. त्यानंतर पुन्हा धाव. धावेचे प्रकार तीनच असून ते आळीपाळीने येतात: लाँग रन (लांब अंतराची धाव), इंटरव्हल (मध्ये दम घेत मारलेल्या वेगवान फेऱ्या) आणि टेम्पो (जोरकस, पण टिकवता येईल अशा गतीची सलग धाव). म्हणजे कोणत्याही एका प्रकाराची पाळी बारा दिवसांनी येते. संपूर्ण तयारीत २८ धावा होतात आणि अठ्ठाविसावी धाव म्हणजे प्रत्यक्ष शर्यत. संथ गतीची, केवळ पाय मोकळे करण्यासाठीची धाव या वेळापत्रकात एकदाही नाही, आणि पुढे जे काही चांगले-वाईट घडले त्याचे मूळ मला याच एका गोष्टीत दिसते.

ही पद्धत ऐकताच तिला वेडेपणा म्हणणारे अनुभवी धावपटू मला भेटले, परंतु तिच्यामागे शास्त्रीय आधार अजिबात नाही असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. अमेरिकी संशोधक रॉबर्ट हिक्सन यांनी १९८१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लोकांना दहा आठवडे, आठवड्यातून सहा दिवस, रोज ४० मिनिटे सायकल आणि धावण्याचा कसून सराव दिला होता. त्यानंतर काहींचे दिवस चारवर तर काहींचे दोनवर आणले, मात्र प्रत्येक सत्राची लांबी आणि तीव्रता पूर्वीइतकीच ठेवली. पुढच्या पंधरा आठवड्यांत दोन्ही गटांची व्हीओटू मॅक्स, म्हणजे ऑक्सिजन वापरण्याची शरीराची कमाल क्षमता, जवळजवळ तशीच टिकून राहिली. १९८५ मध्ये त्यांनीच उलट बाजू तपासली, तेव्हा दिवस आणि वेळ तेवढेच ठेवून तीव्रता दोन-तृतीयांशाने कमी केलेल्या गटाला कमावलेली क्षमता टिकवता आली नाही. शरीर दिवसांची काटछाट सहन करते, पण तीव्रतेची काटछाट त्याला चालत नाही, हा या प्रयोगांचा अर्थ असून दर चौथ्या दिवशी धावायला लावणारे कार्यक्रम त्याच पायावर उभे आहेत.

विश्रांती लांबवल्याने सगळे ढासळते का, याचे उत्तरही इतके सरळ नाही. एडवर्ड कॉयल यांच्या गटाने १९८४ मध्ये, उत्तम सराव असलेल्या खेळाडूंनी व्यायाम पूर्ण थांबवला तर काय होते हे मोजले होते. पहिल्या तीन आठवड्यांत व्हीओटू मॅक्स सुमारे ७ टक्क्यांनी घसरली आणि त्या घसरणीचे मोठे कारण होते हृदयाच्या एका ठोक्यामागे बाहेर पडणाऱ्या रक्ताचे प्रमाण घटणे. ही घसरण पूर्ण थांबल्यावरची आहे. मध्ये तीन दिवस न धावल्याने माणूस काही पुन्हा शून्यावर येत नाही. शिवाय जोरकस धावेनंतर टेंडनमधील (स्नायू हाडाशी जोडणाऱ्या दोरीतील) कोलॅजेन या प्रथिनाची मोडतोड पहिले एक-दीड दिवस नव्या बांधणीपेक्षा जास्त असते आणि त्यानंतर तोल बांधणीच्या बाजूला झुकतो, हे निरीक्षणही कठीण धावांमध्ये अंतर ठेवण्याच्या बाजूने बोलते.

मात्र हिक्सन यांच्या प्रयोगाची मर्यादा या सेवेच्या माहितीपत्रकात कुठेही सांगितलेली नाही. तो प्रयोग क्षमता टिकवण्याचा होता, क्षमता कमावण्याचा नव्हता. दहा आठवडे सहा-सहा दिवस घाम गाळून ज्यांनी पाया घातला होता त्यांचाच तो पाया दोन दिवसांत टिकला. त्यातली सत्रे ४० मिनिटांची होती आणि मोजली गेली ती मुख्यतः हृदय-फुप्फुसांची ताकद. साडेतीन-चार तास डांबरावर आपटत राहिल्यावर मांड्यांचे आणि पोटऱ्यांचे काय होते, हा प्रश्न तिथे विचारलेलाच नव्हता. मॅरेथॉन बिघडते ती बहुधा तिसाव्या किलोमीटरनंतर, आणि माझ्या अनुभवात तरी त्या वेळी श्वास लागलेला नसतो, पाय उचलत नसतात.

आणखी एक उदाहरण अशा पद्धतींच्या समर्थनार्थ नेहमी पुढे केले जाते, ते डॉ. जॉर्ज शीहन यांचे. हे हृदयरोगतज्ज्ञ उतारवयात आठवड्याच्या सहा दिवसांवरून तीन दिवसांवर आले आणि साठी ओलांडल्यावर त्यांनी ३ तास १ मिनिटाची, स्वतःची सर्वोत्तम मॅरेथॉन धावली. ऐकायला हे फार मोहक वाटते. पण तपशील पाहिला तर ते पूर्वी सहा दिवस पाच-पाच मैल धावत आणि नंतर तीन दिवस दहा-दहा मैल धावू लागले. म्हणजे आठवड्याचे अंतर पूर्वीही ३० मैल होते आणि नंतरही ३० मैलच राहिले. त्यांनी दिवस कमी केले, अंतर कमी केले नाही. या दोन गोष्टी एकच असल्यासारखे बोलणे ही कमी दिवस धावण्याच्या वादातली सर्वांत मोठी गफलत आहे, आणि बाजूने बोलणारे व विरोधात बोलणारे दोघेही ती सारख्याच उत्साहाने करतात.

अमेरिकेतील फर्मन विद्यापीठाच्या धावणे-संशोधन संस्थेने लोकप्रिय केलेली पद्धतही याच संदर्भात घेतली जाते. तिच्यात आठवड्याला तीन धावा आणि दोन इतर व्यायाम असतात. तिन्ही धावांची गती आधी ठरलेली असते आणि लाँग रन दर आठवड्याला येते. मी घेतलेल्या कार्यक्रमाने या रचनेतले तीन प्रकार तसेच उचललेले दिसतात, पण आठवड्याची चौकट मोडून ते बारा दिवसांवर ताणले आहेत. हा फरक वरवर किरकोळ वाटतो. लाँग रनच्या हिशेबात तो प्रचंड आहे, कारण १६ आठवड्यांत दर आठवड्याला एक याप्रमाणे जिथे पंधरा-सोळा लाँग रन झाल्या असत्या, तिथे माझ्या वाट्याला नऊच आल्या.

आता प्रत्यक्ष अनुभवाकडे येते. पहिले सहा आठवडे मी या कार्यक्रमाच्या जवळजवळ प्रेमात पडले होते. प्रत्येक धावेला पाय ताजे असत. पूर्वी मंगळवारचे इंटरव्हल रविवारच्या लाँग रनचा थकवा अंगावर वागवतच होत, त्यामुळे ८०० मीटरच्या शेवटच्या दोन फेऱ्या मी नेहमी ढकलगाडीसारख्या संपवत असे. इथे पहिली आणि आठवी फेरी यांच्यात दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त फरक राहिला नाही. टेम्पोची गती पाचव्या आवर्तनापर्यंत दर किलोमीटरमागे बारा सेकंदांनी सुधारली. झोप चांगली लागू लागली आणि सकाळी जिना उतरताना होणारी गुडघ्यांची कुरकुर थांबली. ज्यांना कामाच्या व्यापामुळे सतत थकल्यासारखे वाटते आणि तरीही ठरलेले अंतर पुरे करण्याच्या नादात जे रोज अर्धवट मनाने धावतात, त्यांनी एवढ्या एका अनुभवासाठी ही पद्धत महिनाभर करून पाहायला हरकत नाही.

पहिली अडचण कॅलेंडरने आणली. जगाचा आठवडा सात दिवसांचा असतो आणि या कार्यक्रमाचे आवर्तन बारा दिवसांचे, त्यामुळे लाँग रन कोणत्या वारी येईल याचा नेम राहत नाही. माझ्या नऊ लाँग रनपैकी फक्त दोन शनिवार-रविवारी आल्या. बाकीच्या सात कामाच्या दिवशी, म्हणजे पहाटे साडेतीनला उठून, कपाळावर दिवा लावून, एकटीने. ३२ किलोमीटरची धाव बुधवारी होती. त्या दिवशी दुपारच्या बैठकीत मी काय बोलले हे मला आठवत नाही आणि सहकाऱ्यांनीही मोठ्या मनाने त्याचा विषय काढलेला नाही. वेळापत्रक एक-दोन दिवस पुढे-मागे सरकवण्याची सोय ॲपमध्ये आहे, पण एक धाव सरकवली की पुढच्या सगळ्या धावा तेवढ्याच सरकतात आणि शर्यतीची तारीख मात्र जागची हलत नाही, त्यामुळे शेवटी कुठली तरी धाव गाळावीच लागते. व्यग्र माणसांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या कार्यक्रमात हा दोष मला गंभीर वाटतो.

त्याहून गंभीर गोष्ट त्याच बुधवारी सुरू झाली. माझ्या लाँग रनचे अंतर अनुक्रमे २२, २४, २६, २८, ३२, ३०, ३४, २६ आणि २० किलोमीटर असे ठरवून दिलेले होते. २८ वरून थेट ३२, ही वाढ १४ टक्क्यांहून थोडी अधिक होते. पाच हजार दोनशेहून अधिक धावपटूंची माहिती तपासणारा एक अभ्यास २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. मागच्या ३० दिवसांतल्या सर्वांत लांब धावेपेक्षा एखादी धाव १० टक्क्यांहून जास्त लांबली की दुखापतीचा धोका वाढतो, असे त्यात आढळले. आठवड्याच्या एकूण अंतरापेक्षा त्या एका धावेची उडी अधिक महत्त्वाची ठरली होती. कमी दिवस धावण्याच्या पद्धतीचा कच्चा दुवा नेमका इथे आहे. धावा मोजक्या असल्या की शर्यतीच्या अंतरापर्यंत पोहोचण्यासाठी पायऱ्या कमी उरतात, म्हणून प्रत्येक पायरी उंच करावी लागते. जी पद्धत दुखापत टाळण्याच्या नावाने खपते तिच्या रचनेतच उडी मारण्याची सक्ती आहे.

माझ्या उजव्या पायाचे अकिलीस, म्हणजे टाचेमागचे टेंडन त्या धावेनंतरच्या सकाळी आखडले. सुरुवातीची दहा पावले लंगडत टाकावी लागत आणि नंतर ते सैल होई. टेंडनच्या कुरबुरीची ही ओळखीची खूण आहे. ॲपमध्ये धाव संपल्यावर एकच प्रश्न येतो, ती पूर्ण झाली की अपूर्ण राहिली. कुठे दुखते आहे, श्रम किती वाटले, झोप कशी झाली, यांपैकी काहीही विचारले जात नाही. मी सेवेला लिहिले तेव्हा दोन दिवसांनी आलेल्या उत्तरात विश्रांतीचे महत्त्व समजावून सांगितले होते आणि कार्यक्रमात विश्रांती आधीच पुरेशी असल्याने पुढची धाव ठरल्याप्रमाणे करावी, असा सल्ला होता. पुढची धाव होती ८०० मीटरचे इंटरव्हल. आखडलेल्या अकिलीसवर वेगाच्या फेऱ्या मारू नयेत एवढे नऊ वर्षांत मला कळले आहे, म्हणून मी त्या दिवशी सायकल काढली आणि ॲपमध्ये धाव पूर्ण झाल्याची खूण केली. नवशिक्या धावपटूने मात्र सल्ला मानला असता.

ताकदीच्या व्यायामांचा क्रमही विचार न करता लावलेला दिसतो. स्क्वॉट, लंजेस आणि पोटऱ्यांचे व्यायाम चौथ्या दिवशी, म्हणजे धावेच्या आदल्याच दिवशी येतात. चोवीस तासांच्या आत इंटरव्हल करताना मांड्या जड लागतात, आणि ज्या ताजेपणासाठी एवढी विश्रांती घेतली तोच त्यामुळे वाया जातो. तिसऱ्या आवर्तनापासून मी सायकल आणि ताकदीचे व्यायाम यांची अदलाबदल केली आणि फरक लगेच जाणवला. ही दुरुस्ती फुकट होती. ती वर्गणीदारानेच करायची असेल तर वर्गणी कशासाठी, हा प्रश्न उरतोच.

वेळ वाचतो या दाव्याचा हिशेब मी वहीत मांडला. पूर्वी आठवड्याला ५५ किलोमीटर म्हणजे साधारण साडेपाच तास जात. या कार्यक्रमात आठवड्याचे सरासरी अंतर ३० किलोमीटरवर आले आणि धावण्यात सुमारे तीन तास गेले. परंतु सायकल आणि ताकदीचे व्यायाम मिळून दर चार दिवसांना सव्वा तास, म्हणजे आठवड्याला दोन तास दहा मिनिटे लागतात. एकूण बेरीज पाच तास दहा मिनिटे. वाचले काय, तर आठवड्याला जेमतेम वीस मिनिटे, आणि त्यात व्यायामशाळेत जाण्यायेण्याचा वेळ धरलेला नाही. धावण्याचे दिवस कमी झाले हे खरे आहे, व्यायामाचे दिवस मात्र चारपैकी तीन राहिले. सायकल वगळून हा कार्यक्रम करता येईल का, असे मला काही जणांनी विचारले. करता येईल, पण मग जे उरते त्याला मॅरेथॉनची तयारी म्हणता येणार नाही.

शर्यतीच्या दिवशी हवा थंड होती आणि वारा नव्हता. पहिला अर्धा भाग मी १ तास ५१ मिनिटांत पूर्ण केला, आणि तोही इतक्या सहजपणे की आपण या पद्धतीवर उगाच शंका घेतली असे वाटू लागले. अठ्ठाविसाव्या किलोमीटरपर्यंत गती टिकली. बत्तिसाव्यानंतर मांड्यांचा पुढचा भाग दगडासारखा झाला. श्वास शांत होता, हृदयाचे ठोके टेम्पोच्या धावेपेक्षा कमी होते, ऊर्जेसाठीची जेल वेळेवर घेतली होती, पोटाची तक्रार नव्हती. फक्त पाऊल लांब पडेना. दुसऱ्या अर्ध्या भागाला २ तास ३ मिनिटे लागली आणि एकूण वेळ झाली ३ तास ५४ मिनिटे, म्हणजे माझ्या सर्वोत्तम वेळेपेक्षा तीन मिनिटे जास्त.

एका माणसाच्या एका शर्यतीवरून पद्धतीचा निकाल लावता येत नाही, हे मान्य. सुरुवात थोडी संथ केली असती तर कदाचित ही तीन मिनिटेही भरून निघाली असती. जवळजवळ निम्मे अंतर धावून फक्त तीन मिनिटांचे नुकसान, असेही याच आकड्यांचे वाचन करता येईल आणि कार्यक्रमाचे समर्थक तसेच करतील. मला मात्र वेळेपेक्षा बिघाडाचा प्रकार बोलका वाटतो. इंजिन उत्तम होते आणि चाके झिजली. सायकलने हृदयाला काम दिले, पण पाय जमिनीवर आदळताना स्नायू ताणले जात असतानाच त्यांना जो आवर घालावा लागतो, तो सायकलवर घडत नाही. त्या माराची सवय मारानेच होते. पूर्वीच्या माझ्या कंटाळवाण्या संथ धावांनी बहुधा ही सवय पायांना गुपचूप लावली होती, आणि त्यांना मी फुकटचे किलोमीटर समजत होते.

रोज धावण्याच्या परंपरेचे गोडवे गाण्याचा माझा हेतू नाही. न्यूझीलंडचे प्रशिक्षक आर्थर लिडियर्ड यांनी आपल्या शिष्यांना आठवड्याला १०० मैल धावायला लावले आणि त्यांच्यातून ऑलिंपिक विजेते घडले, तसेच ब्रिटनचे रॉन हिल १९६४ पासून २०१७ पर्यंत एकही दिवस न चुकता धावले, ही उदाहरणे दिली की चर्चा संपली असे मानणारे लोक आहेत. त्यांतून कळते ते एवढेच, की काही शरीरांना ते मानवते. ज्यांना मानवले नाही त्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत. कमी दिवस धावण्याच्या बाजूने सांगितल्या जाणाऱ्या यशोगाथांनाही हाच नियम लावायला हवा.

हा कार्यक्रम कोणी घ्यावा, तर ज्यांचा अनेक वर्षांचा पाया आधीच पक्का आहे, ज्यांना दहा किलोमीटर किंवा अर्धमॅरेथॉन धावायची आहे, अथवा ज्यांना वर्षातले तीन-चार महिने इतर जबाबदाऱ्यांमुळे आहे ती क्षमता फक्त सांभाळायची आहे. त्यांच्यासाठी हिक्सन यांचे निष्कर्ष थेट लागू पडतात आणि ताजेपणाचा आनंद वर मिळतो. वारंवार पोटरी धरणाऱ्या, पन्नाशीपुढच्या धावपटूंनाही कठीण धावांमधले हे अंतर सोसण्यासारखे वाटेल, मात्र लाँग रनच्या उड्या त्यांनी स्वतःच्या हिशेबाने छाटून घ्याव्यात. पहिल्यांदा मॅरेथॉन धावणाऱ्याने यापासून दूर राहावे. त्याला प्रत्येक धाव जोरकसच करायला लावणारे वेळापत्रक, दुखण्याबद्दल काहीही न विचारणारे ॲप आणि नऊच लाँग रन, या तिन्ही गोष्टी एकत्र मिळणे योग्य नाही.

सेवेच्या इतर बाजूंबद्दल फारसे सांगण्यासारखे नाही. ॲप नीट चालते, घड्याळाशी जुळते, धावांचे वर्णन स्पष्ट आहे आणि टेम्पोची गती ठरवण्यासाठी दिलेली चाचणी माझ्या बाबतीत अचूक निघाली. ताकदीच्या व्यायामांच्या चित्रफिती चांगल्या आहेत. शर्यतीच्या चार दिवस आधी १४ किलोमीटरची पूर्ण टेम्पो धाव ठेवण्यामागचे तर्कशास्त्र मला समजले नाही. मी ती निम्म्यावर आणली. पाचपैकी अडीच तारे देते, आणि त्यांतले दोन केवळ पहिल्या सहा आठवड्यांचे आहेत.

वर्गणीचे नूतनीकरण मी केलेले नाही. अकिलीस पूर्ण बरे व्हायला शर्यतीनंतर पाच आठवडे लागले. आता इंटरव्हल आणि टेम्पो यांच्यात तीन दिवसांचे अंतर मी कायम ठेवले आहे, कारण त्याचा फायदा मला उघड दिसला. त्या मधल्या दिवसांपैकी दोन दिवशी सहा-सात किलोमीटर अगदी सावकाश धावते, आणि लाँग रन पुन्हा रविवारी आली आहे.